न दिसणारी रांग : गर्दीतला मोबाइल आपले वाय-फाय कसे निवडतो?

एसटीडी-पीसीओच्या काळात जबलपूरच्या गोरखपूर बाजारासारख्या गजबजलेल्या पेठेतून दूरध्वनी करायचा, तर निवड सोपी होती. समोरासमोर दोन बूथ असले, की जिकडे रांग लहान तिकडे माणूस वळे. (दूरसंचाराशी या शहराचे नाते तसे जुने, आज भारतरत्न भीमराव आंबेडकरांचे नाव मिरवणारी इथली दूरसंचार प्रशिक्षण संस्था १९४२ सालची.) आता अशाच पेठेत मोबाइल उघडावा, तर वाय-फायची कितीतरी नावे एकाखाली एक उमटतात, रांग मात्र एकाचीही दिसत नाही. नावापुढच्या कमानी सांगतात ते एवढेच, की तिथला संदेश आपल्यापर्यंत किती जोरकस पोहोचतो. तिथे आधीच किती जण ताटकळले आहेत, याविषयी त्या मूक असतात.

या मौनाचे मूळ १९९७ मध्ये आहे. त्या वर्षी वाय-फायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले. ॲक्सेस पॉइंटने आपले अस्तित्व कसे पुकारावे, यंत्राने त्याच्याशी कसे जोडून घ्यावे, हे त्यात बारकाईने लिहिले होते. अनेकांतून कोणता निवडावा, हे मात्र यंत्र बनवणाऱ्यांवर सोपवले गेले. त्यांनी सर्वांत सोपा मार्ग धरला : ज्याचा संदेश सर्वांत जोरकस, तो आपला. एखाद्या कचेरीत एकुलता एक ॲक्सेस पॉइंट असण्याच्या त्या दिवसांत यात गैर काही नव्हते.

गर्दी झाली तेव्हा उणीव उघडी पडली. ऑगस्ट २००१ मध्ये सॅन डिएगो येथे भरलेल्या संगणकशास्त्राच्या एका परिषदेत १९५ जणांच्या वायरलेस वापराची नोंद ठेवण्यात आली. भार विषम होता, हे अपेक्षितच. पण माणसे मोजूनही तो कळत नव्हता. एकटा अवजड फायली उतरवणारा दहा जणांचा भार टाकू शके. दोन वर्षांनी ग्रेनोबलच्या संशोधकांनी आणखी विपरीत गोष्ट दाखवली. दूर बसलेले, मंद गतीने बोलणारे एक यंत्र त्याच ॲक्सेस पॉइंटवरील सगळ्या वेगवान यंत्रांना जवळजवळ आपल्या गतीवर ओढून आणते. कारण बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळते आणि मंद यंत्र आपल्या पाळीत फार वेळ घेते. तेव्हा रांगेची लांबी पुरत नाही, रांगेत कोण उभे आहे हेही पाहावे लागते.

उपाय २००५ मध्ये आला. मानकाच्या ८०२.११ई या दुरुस्तीने ॲक्सेस पॉइंटला आपला भार, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची संख्या आणि हवेतला व्यापलेला वेळ, जाहीर करण्याची सोय दिली. परंतु सर्व फोन एकाच क्षणी मोकळ्या केंद्राकडे धावले, तर तेच तुंबते आणि सगळे पुन्हा परततात. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७३ मध्येच गणिताने दाखवले होते, की अशा खेळात प्रत्येकाने एकेक करून, स्वतःपुरते पाहून जागा बदलली, तर अखेर स्थैर्य येते. ते सर्वांच्या हिताचे असेलच असे नाही. म्हणून फोन बहुधा चिकटपणाच पसंत करतात. आपण खोली बदलली, तरी मागच्या खोलीतले क्षीण वाय-फाय ते सोडत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात परस्परांना न अडवणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर रेलटेल आणि गूगलचे मोफत वाय-फाय सुरू झाले. जून २०१८ पर्यंत ही सेवा ४०० स्थानकांवर पोहोचली. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने याच वाय-फायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केल्याची बातमी त्याच वर्षीची. ज्याच्याजवळ दुसरे साधन नाही, त्याच्यासाठी तुंबलेला ॲक्सेस पॉइंट म्हणजे केवळ गैरसोय नव्हे, बुडालेला अभ्यास.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला संमती दिली. किराणा दुकानदारही ‘पब्लिक डेटा ऑफिस’ चालवू शकतो. पीसीओची आठवण नावातच आहे. ॲपमध्ये जवळच्या केंद्रांची यादी येते आणि ग्राहक त्यांतून निवडतो. माझ्या मते त्या यादीत अंतर आणि दरासोबत भारही दिसला पाहिजे. मानकात त्यासाठी जागा २००५ पासून राखलेली आहे.