ठिपक्यांमधलं अंतर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

कारखान्यात नवीन माणूस आला की जुने फिटर त्याला एक गोष्ट हमखास शिकवत. तयार जॉबवर अंगठ्याचं नख हळूच फिरवायचं. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा पृष्ठभाग नखाला खरखरीत लागतो, आणि कुठे काय बिनसलं ते कळतं. तीसहून अधिक वर्षं मी यंत्रांच्या सहवासात काढली. आज सांगायची आहे ती या नखाखालच्या खरखरीची गोष्ट. तिच्यात हेलिकॉप्टर आहे, पाणबुडी आहे आणि भोसरीतला एक ऑपरेटरही आहे.

सुरुवात करू ब्रिटनपासून. १८४० मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानं ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत एक निबंध वाचला. विषय होता, खरोखर सपाट पृष्ठभाग कसा करावा. त्या काळी दोन लोखंडी पाट एकमेकांवर एमरी पावडर घालून घासत. व्हिटवर्थ म्हणाला, यात फसगत आहे. एक पाट मध्ये फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला, तरी दोघं एकमेकांवर छान बसतील. म्हणून पाट तीन घ्या. रंग लावून आळीपाळीनं एकमेकांवर टेकवा आणि जिथे उंचवटा दिसेल तेवढाच स्क्रेपरनं खरवडा. तिन्ही पाट एकमेकांशी जुळले, तरच ते सपाट. दोघांची साक्ष जुळली म्हणजे ती खरी असतेच असं नाही, हे कोर्टातलं शहाणपण त्यानं लोखंडाला लावलं.

त्यानंतरही बराच काळ खरखरीची परीक्षा मुख्यतः नखानं आणि नजरेनं होत राहिली. १९४१ मध्ये लेस्टर शहरातल्या टेलर-हॉब्सन कंपनीत रिचर्ड रीझन यांनी टॅलिसर्फ नावाचं यंत्र तयार केलं. हिऱ्याची बारीक सुई पृष्ठभागावरून सरकते आणि तिचं वरखाली होणं कागदावर मोठं होऊन उमटतं. त्यावरून सरासरीचा आकडा निघतो. आज प्रत्येक ड्रॉइंगवर लिहिलेला असतो तो ‘आर-ए’ तोच. मापन मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. पण आकडा सरासरीचा आहे, हे विसरू नका. गोष्टीत पुढे ते लागणार आहे.

आता अमेरिकेत येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी गावी जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याच्या वळणासाठी सिकोर्स्की कंपनीच्या ड्रॉइंगवर फक्त १७ ठिपके दिलेले असत. बाकीची रेषा कारागिरानं पट्टी वाकवून जोडायची. पार्सन्सचा सहकारी फ्रँक स्टुलेन यानं हिशेबाच्या पंचकार्ड यंत्रावर १७ च्या जागी २०० ठिपके काढले. मग मिलिंग मशीनपाशी एक जण आकडे वाचायचा, दोघं एकेक हँडल फिरवायचे आणि कटर त्या त्या जागी नेऊन ठेवायचे. दोन ठिपक्यांच्या मध्ये धातूची जी बारीक करवत उरे, ती कानसीनं घासून काढायची. पार्सन्सनं विचार केला, की माणसांऐवजी आकडेच हँडल फिरवू लागले तर? १९४९ मध्ये त्याला अमेरिकी हवाई दलाचं काम मिळालं, मदतीला एमआयटी आली, आणि १९५२ मध्ये छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं तीन अक्षांचं मिलिंग मशीन जगानं पाहिलं. त्याचं नियंत्रण करणारं कपाट खुद्द मशीनहून मोठं होतं. आजच्या सीएनसीचा हा मूळपुरुष.

तीन अक्ष म्हणजे पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली. पाच अक्ष कशाला लागतात? बटाटा सोलताना स्वतःच्या हातांकडे बघा. सुरी सरकते, पण आपण ती तिरपीही करतो आणि बटाटा फिरवतोही. हे कलणं आणि फिरणं म्हणजे उरलेले दोन अक्ष. गोल तोंडाच्या कटरचं अगदी टोक फिरतं खरं, पण तिथला वेग शून्य असतो. ते कापत नाही, नुसतं रगडतं. कटर दहा-पंधरा अंश कलवला की बाजूची धार कापू लागते आणि पृष्ठभाग उजळतो.

हे कौशल्य किती मोलाचं आहे ते १९८७ मध्ये जगाला कळलं. पाणबुडीचा पंखा ओबडधोबड असेल तर पाण्यात बुडबुडे फुटतात, आवाज होतो आणि शत्रूच्या कानी जातो. पंखा बिनआवाजी करायचा तर त्याचा आकार आणि पृष्ठभाग दोन्ही नेमके हवेत. तोशिबा मशीन या जपानी कंपनीनं लेनिनग्राडच्या गोदीसाठी नऊ अक्षांची चार प्रचंड मिलिंग मशीन सोव्हिएत संघाला विकली होती. त्यांचे कंट्रोलर नॉर्वेच्या कॉंग्सबर्ग कंपनीचे होते. पाश्चात्त्य देशांच्या कोकॉम या व्यवस्थेनुसार अशी विक्री निषिद्ध होती, म्हणून परवान्याच्या कागदावर साधी दोन अक्षांची यंत्रं दाखवली गेली. व्यवहारातल्याच एका माणसानं १९८५ च्या अखेरीस पत्र लिहून हे कळवलं. बोभाटा झाल्यावर अमेरिकी खासदारांनी संसदेच्या हिरवळीवर घण घालून तोशिबाचा रेडिओ फोडला. तोशिबाच्या अध्यक्षांना आणि चेअरमनना पायउतार व्हावं लागलं. सोव्हिएत पाणबुड्या या यंत्रांच्या आधीच शांत होऊ लागल्या होत्या, असं म्हणणारे जाणकारही होते. काहीही असो, धातूच्या गुळगुळीतपणावरून दोन मित्रराष्ट्रांत वितुष्ट आलं हे खरं. कोकॉम १९९४ मध्ये संपली. पण तिच्या जागी आलेल्या वासेनार व्यवस्थेच्या यादीतही पाच अक्षांची यंत्रं राहिली. भारत २०१७ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला.

आता भोसरी. साल १९९७. एका कारखान्यात मी प्रोग्रॅमिंग बघत होतो. टर्बोचार्जरच्या ॲल्युमिनियमच्या पंख्यांचं काम होतं. पात्यांवर एकसारख्या अंतरानं बारीक रेघा उमटू लागल्या, कंगव्याचे दात असावेत तशा. टेस्टिंगमध्ये आर-ए मर्यादेत यायचा, कारण सरासरीत त्या रेघा बुडून जायच्या. गिऱ्हाइकाचा डोळा मात्र सरासरी बघत नाही. माल परत आला.

मशीनवर होते अण्णा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आम्ही कटर बदलला, डायल लावून त्याचा थरथराट तपासला, जॉबची पकड घट्ट केली, कूलंट बदललं. रेघा तशाच. अण्णांनी फीड दहा टक्क्यांवर आणून दाखवलं, रेघा गायब. सगळे म्हणाले, बघा, लोड कमी केला की चॅटर जातो. म्हणजे ऑपरेटरचं सेटिंगच ढिलं. अण्णा मला म्हणाले होते, “साहेब, मशीन मध्ये मध्ये दम खातंय.” मी हसण्यावारी नेलं. अण्णांना वॉर्निंगचं पत्र मिळालं, ओव्हरटाइम बंद झाला. त्या बैठकीत मी होतो. गप्प होतो.

आठ दिवसांनी, शिफ्ट सुटल्यावर, मी जॉब काढून ठेवला आणि तोच प्रोग्रॅम हवेत चालवला. कापणंच नाही, तर चॅटर कुठला? शांततेत स्पष्ट ऐकू आलं. मशीन जायचं, अडखळायचं, पुन्हा जायचं. खरंच दम खात होतं.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. पृष्ठभाग सुंदर यावा म्हणून मी दर दशांश मिलिमीटरला एक ठिपका दिला होता. फीड मिनिटाला १२०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २० मिलिमीटर, म्हणजे २०० ठिपके. प्रोग्रॅम मोठा, कंट्रोलच्या मेमरीत मावत नव्हता, म्हणून कॉम्प्युटरवरून केबलनं येत होता. केबलची गती सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं. एका ओळीत चाळीस अक्षरं धरली, तर २४ ठिपके. मशीन साठवलेल्या ओळी संपवायचं आणि पुढच्या येईपर्यंत जागीच थांबायचं. थांबलेला कटर तिथेच घासायचा, की उमटली रेघ. फीड दहा टक्क्यांवर आणल्यावर सेकंदाला २० ठिपकेच लागत. तेवढे केबल पुरवत होती, म्हणून रेघा जात. पुरावा अण्णांनी पहिल्याच दिवशी हातात दिला होता. आम्ही तो त्यांच्याच विरुद्ध वापरला.

उपाय एका दिवसाचा निघाला. वळण असेल तिथे ठिपके दाट, सपाट असेल तिथे विरळ. प्रोग्रॅमचे तुकडे करून ते मेमरीतच भरले. पार्सन्सचं दुखणं १७ ठिपक्यांचं होतं, कमी पडल्याचं. माझं जास्त झाल्याचं.

मॅनेजरकडे जाऊन मी सांगितलं, चूक प्रोग्रॅमची आहे, माझी आहे. पत्र मागे घेतलं गेलं. बुडालेला ओव्हरटाइम काही मिळाला नाही. अण्णांची माफी मागितली, तेव्हा त्यांनी नव्या पंख्याच्या पात्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, “आता बरा आहे.” ते जॉबबद्दल बोलले की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

नंतर नवीन पोरांना मी एवढंच सांगत आलो. पृष्ठभागावर डाग दिसला की आधी कटर बदलायला धावू नका. मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारा, त्याला काय ऐकू येतंय.