आधी भाकरी की आधी मत?

'आधी विकास होऊ दे, लोकशाहीचं मग बघू.' आयटीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच. बोलणाऱ्याला ठाऊक नसतं, पण त्यामागे रीतसर थिअरी आहे. अमेरिकेच्या सेमूर लिपसेटने १९५९ साली मांडलं की देश जितका सधन, तितकी तिथे लोकशाही टिकण्याची शक्यता जास्त. १९६८ मध्ये सॅम्युअल हंटिंग्टन म्हणाला, लोक झपाट्याने जागे होतात, संस्था मागे राहतात आणि त्या फटीतून अराजक येतं.

चला, दोन्ही थिअऱ्या आमच्या सोलापूरवर रन करून बघू.

१८७० च्या दशकात इथे जुनी मिल उभी राहिली. पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारे कामगार एका भोंग्यावर उठू लागले. पण पैसा म्हणाल तर हातावर पोट, आणि मत तर नव्हतंच. १९१९ च्या कायद्याने मताचा हक्क कर भरणाऱ्या मूठभरांनाच होता.

तरीही ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. लोकांनी पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवलं. पोलिसही मारले गेले, हे लपवायचं कारण नाही. मग सरकारने गावातून काढता पाय घेतला.

आता हंटिंग्टनच्या हिशोबाने अराजक माजायला हवं. झालं उलटंच. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभे राहून रहदारी सांभाळू लागले! कारण संस्था होत्या. फक्त त्या सरकारी नव्हत्या. काँग्रेस कमिटी, तरुणांच्या आणि कामगारांच्या संघटना, छोटी वृत्तपत्रं. वरून बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत, एवढंच.

ते काही दिवसच टिकलं. मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. हे चौघं काही समृद्धीची वाट बघत थांबले नव्हते.

पुढे १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर जेमतेम १८ टक्के होते, तरी पुढच्याच वर्षापर्यंत पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. 'आधी शिस्त' हा प्रयोगही १९७५ मध्ये झाला. १९७७ मध्ये याच गरीब, कमी शिकलेल्या मतदारांनी तो मोडीत काढला.

आणि सोलापूर? जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, नंतर इतरही. संघटना मात्र संपल्या नाहीत. १९७८ मध्ये नरसय्या आडम लाल बावट्यावर आमदार झाले. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २००६ मध्ये कुंभारीला सुमारे १० हजार घरांची वसाहत पूर्ण झाली. म्हणजे क्रम बघा: आधी संघटना, मग मत, मग घर.

लिपसेट अगदीच चूक नाही. पैसा असला की लोकशाही टिकणं सोपं जातं. पण ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्याकडे तो मिळवायला मताशिवाय दुसरं आहे काय? त्यालाच 'थांब' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.