एकट्यापुरती पाई

सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे इंग्लंडमधला शरद ऋतू. बागांतली सफरचंदं याच सुमारास उतरवायला येतात. शेताच्या कुंपणांवरच्या काटेरी झुडपांना ब्लॅकबेरी लागलेल्या असतात. मग घरोघरी या फळांच्या पाई भाजल्या जातात. मैद्याची पारी, आत फळांचं सारण, वरून पारीचंच झाकण, आणि सगळं मिळून ओव्हनमध्ये. मोठी पाई कापून वाटतात, तर वाटीएवढी छोटी पाई ज्याची त्याला एकेक मिळते.

(इंग्रजी उच्चार 'पाय' असा आहे. पण मराठीत पाय म्हटलं की चालायचा पाय आठवतो, नाहीतर गणितातला. म्हणून आम्ही इथे 'पाई' लिहितो आहोत. गणितातला पाय पुढे येणारच आहे.)

अशी छोटी पाई पाहिली की वाटतं, हा तिथला अगदी जुना, घरगुती पदार्थ असणार. आजी करायची, तिची आजी करायची. पाई जुनी आहे हे खरंच. पण एकेकट्यापुरती, फळांची, गोड आणि सर्वसाधारण घरात भाजलेली पाई ही बरीच अलीकडची गोष्ट आहे. तिला इतका उशीर का लागला? या प्रश्नाचा माग काढत गेलं, तर पीठ, लोखंड, कोळसा आणि साखर या चौघांचाही इतिहास हाताशी लागतो.

पारी नव्हे, भांडं

इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या पाककृतीसंग्रहांपैकी एक म्हणजे 'फॉर्म ऑफ क्युरी'. तो 1390 च्या सुमारास राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यात तयार झाला. त्यात सफरचंदाच्या पाईची कृती आहे. सफरचंद, नासपती, अंजीर आणि मनुका कुटायच्या, मसाला आणि केशर घालायचं आणि ते सारण 'कॉफिन'मध्ये भरून भाजायचं. कॉफिन म्हणजे शवपेटी नव्हे. त्या काळी या शब्दाचा अर्थ नुसता पेटी किंवा डबा असा होता. पिठाची जाड, ताठ भिंतींची पेटी म्हणजे पाईचं कॉफिन.

ही पेटी मुख्यतः भांड्याचं काम करायची. भट्टीत ठेवता येतील अशी पत्र्याची हलकी भांडी तेव्हा घरोघरी नव्हती. म्हणून पिठाचंच भांडं करायचं. 1615 मध्ये जर्व्हेस मार्कम याने 'द इंग्लिश हाउसवाइफ' हे पुस्तक लिहिलं. जी पाई बरेच दिवस टिकवायची तिच्यासाठी राय या धान्याच्या पिठाची जाड पारी घ्यावी, आणि लगेच खायची असेल तर गव्हाच्या पिठाची पातळ, असं त्यात सांगितलं आहे. मांसाची पाई भाजून झाली की वाफ जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून वितळलेलं लोणी ओतत. ते थिजलं की आतली पोकळी भरून जाई आणि हवेला वाव राहत नसे. पाई म्हणजे एका अर्थी त्या काळचा हवाबंद डबाच.

पीठ ताठ कसं राहायचं? एक युक्ती गरम पाण्याची होती. चरबी घातलेल्या गरम पाण्यात पीठ मळलं की त्यातला स्टार्च काही प्रमाणात फुगतो आणि गोळ्याला आकार धरून ठेवता येतो. तांदळाच्या पिठाची उकड काढली की मोदकाची पारी वळता येते, ते याच तत्त्वावर.

आज आपल्याला हवी असते ती पारी याच्या उलट, तोंडात टाकताच विरघळणारी. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की प्रथिनांचं ग्लूटेन नावाचं चिवट जाळं तयार होतं. पाणी घालण्याआधी पिठाला लोणी चोळलं तर कणांवर स्निग्धाचा लेप बसतो आणि जाळं नीट विणलं जात नाही. आपण करंजीच्या पिठात मोहन घालतो ते यासाठीच. पण खुसखुशीत पारीला स्वतःचा भार पेलवत नाही. तिला बाहेरून आधार लागतो. म्हणजे पारी खुसखुशीत व्हायची तर भांड्याचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.

ते घेतलं पत्र्याने. लोखंडाच्या पातळ पत्र्याला कथिलाचा मुलामा दिला की तो गंजत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण कल्हई करतो, ती कथिलाचीच. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत 'पॅटी-पॅन' म्हणजे छोट्या पाईचे साचे येऊ लागतात. एकोणिसाव्या शतकात दक्षिण वेल्समध्ये असा पत्रा प्रचंड प्रमाणावर तयार होऊ लागला आणि पत्र्याची भांडी सामान्यांच्या आवाक्यात आली.

आग कुणाची?

साचा आला, पण भाजायचं कुठे? विटांची भट्टी तापवायची म्हणजे आत लाकडांच्या मोळ्या जाळायच्या, निखारे आणि राख ओढून काढायची आणि मग तापलेल्या विटांच्या धगीवर भाजायचं. आधी पाव, मग उतरत्या आचेवर बाकीचे पदार्थ. एका छोट्या पाईसाठी एवढं सरपण कोण जाळणार? शिवाय दाटीवाटीच्या शहरात भट्टी म्हणजे धोका. 1666 ची लंडनची भीषण आग पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतच लागली होती.

म्हणून बहुतेक घरांत चूल असे, भट्टी नसे. शहरात लोक पाई विकत घेत. झाकणाखाली काय दडलंय हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, याचा फायदा घेणारेही होते. 1379 मध्ये लंडनच्या पाईवाल्यांना खराब मांस भरण्याची मनाई करणारा नियमच करावा लागला. नाहीतर घरी तयार केलेला पदार्थ बेकरीत न्यायचा आणि चार पैसे देऊन भाजून आणायचा. चार्ल्स डिकन्सच्या 1843 सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये गरीब लोक सणाचं जेवण बेकरीत भाजायला नेताना दिसतात. सारण घरचं, पण आग बेकरीवाल्याची.

ही आग घरात आणली लोखंडी बंद चुलीने. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने उघड्या शेगडीत किती उष्णता वाया जाते याचा अभ्यास केला आणि बंदिस्त आगीचा आग्रह धरला. एक्झिटरच्या जॉर्ज बॉडली याने 1802 मध्ये वरून बंद असलेल्या चुलीचं पेटंट घेतलं. दगडी कोळशावर चालणाऱ्या अशा चुलीच्या एका बाजूला ओव्हन असे. पुढे गॅस आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत पेनीचं नाणं टाकून चालणारे मीटर आले, तेव्हा कामगारवस्तीतही गॅसची शेगडी पोचली.

एक अडचण मात्र उरलीच होती. ओव्हन किती तापलाय हे कसं कळायचं? बायका आत हात धरून अंदाज घेत, किंवा कागदाचा तुकडा ठेवून तो किती वेळात तांबूस होतो ते बघत. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये 'रेग्युलो' ही तापमान राखणारी कळ बसवलेला गॅस ओव्हन बाजारात आला आणि हाताचं ज्ञान आकड्यात आलं.

छोट्या पाईला आकड्यांचं महत्त्व जास्तच, कारण ती चटकन करपते. हे असं का, ते गणित सांगेल. 24 सेंमी व्यासाची एक पाई घ्या आणि तेवढ्याच उंचीच्या, 8 सेंमी व्यासाच्या नऊ पाई घ्या. मोठीचं क्षेत्रफळ 144π आणि नऊ छोट्यांचं 9 × 16π, म्हणजे तेवढंच. सारणही तेवढंच. पण कडेची लांबी मोठीची 24π आणि छोट्यांची मिळून 72π. म्हणजे कडेची पारी तिप्पट, पीठ-लोणी जास्त आणि बाजूने उष्णता आत शिरायला जागाही तिप्पट. मोठी पाई पाऊण-एक तास घेत असेल तर छोट्या अर्ध्या तासाच्या आत होतात. एकेकट्यापुरती पाई वेळ वाचवते, पण पीठ आणि लोणी जास्त मागते.

एका बियेची गोष्ट

आता सारणाकडे वळू या. पाईसाठी इंग्लंडमध्ये सर्वांत आवडतं सफरचंद म्हणजे ब्रॅम्ली. 1809 मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी मेरी अ‍ॅन ब्रेल्सफोर्ड या मुलीने बिया पेरल्या, त्यांतल्या एका बियेचं हे झाड. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुणाने कलमांसाठी काड्या मागितल्या, तेव्हा फळाला माझं नाव द्यायचं, अशी अट ब्रॅम्लीने घातली. झाड लावलं मुलीने, नाव लागलं घरमालकाचं! सफरचंदाच्या बियेतून आईसारखंच झाड येईल असं नसतं, म्हणून कलमच करावं लागतं. आपला हापूस टिकवायचा तर तोही कलमानेच. जगातली सगळी ब्रॅम्ली झाडं म्हणजे त्या एकाच झाडाचा विस्तार आहे.

ब्रॅम्लीत आम्ल भरपूर. शिजल्यावर फोडी मऊ होऊन फुलतात, पण नुसतं खायला ते फार आंबट. म्हणजे साखर हवीच, आणि तीही मुबलक. 1390 च्या आसपासच्या त्या राजेशाही कृतीत साखरेचा उल्लेख नाही. गोडवा अंजीर-मनुकांचा. मग सामान्य घरात एवढी साखर आली कुठून?

गोडव्याची किंमत

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये साखर येत होती ती कॅरिबियन बेटांवरून. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. 1791 नंतर ब्रिटनमधल्या हजारो कुटुंबांनी या कारणासाठी साखर सोडली. स्वयंपाकघरात केलेला तो राजकीय निषेधच होता, आणि तो मुख्यतः बायकांनी चालवला. 1833 मध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला.

पण साखरेची मागणी काही संपली नाही. मॉरिशसच्या साखरेवरची जास्तीची जकात 1825 मध्येच उठली होती आणि तिथे उसाची लागवड वाढत होती. गुलामगिरी संपवणारा कायदा झाल्यावर मळेवाल्यांनी 1834 पासून भारतातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. पुढच्या सुमारे पंचाऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट, जिथे ही माणसं उतरत, तो 2006 मध्ये जागतिक वारसास्थळ झाला.

युरोपात बीटपासून साखर काढणंही वाढत गेलं. 1874 मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात पूर्णपणे उठवली. साखर आणखी स्वस्त झाली आणि आंबट ब्रॅम्लीची पाई गरिबाच्याही टेबलावर आली.

घरगुती म्हणजे काय?

एकट्यापुरती ती छोटी पाई आता पुन्हा समोर ठेवू या. साचा वेल्सच्या कारखान्यातला, आच खाणीतल्या कोळशाची, फळ एका मुलीने पेरलेल्या बियेचं आणि गोडवा दूरच्या मळ्यांवरचा. घरचं काय, तर मळणारे हात आणि वेळ. ते हात मोलाचे आहेतच. पण 'घरगुती' हा शब्द उच्चारला की बाकीचे हात दिसेनासे होतात, इतिहास शिकवताना नेमकं तेच व्हायला नको.

वर्गात हे करून बघता येईल. मुलांनी घरच्या एखाद्या सणाच्या पदार्थाचे घटक, भांडं आणि इंधन यांची यादी करावी. यातलं आपल्या पणजीच्या स्वयंपाकघरात काय होतं, काय नव्हतं, हे मोठ्यांना विचारून लिहावं. जे नव्हतं ते कुठून आलं आणि कुणाच्या कष्टातून आलं, हा पुढचा प्रश्न. करंजीची कड मुडपता मुडपता हे सगळं आजीला विचारता येईल.