मामुली

'मामुली दुखणे आहे,' असे डॉक्टर म्हणाले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मामुली म्हणजे क्षुल्लक, दखल घेण्याजोगे नसलेले, हा अर्थ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की पेशवाईतील एखाद्या कागदात 'मामूल' भेटला की विद्यार्थी अडखळतात. अडखळत नाहीत तेव्हा आम्हांला अधिक काळजी वाटते. कारण वतनदार आपले मामूल मागतो तेव्हा तो किरकोळ काही मागत नसतो.

शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला. धातूचा अर्थ करणे, आचरणे. 'मामूल' म्हणजे आचरणात असलेले, वहिवाटीचे. याच धातूची इतर लेकरे पाहावीत : अंमल, अंमलदार, मामला आणि मामल्यावरून मामलेदार. ज्याच्यापुढे गावाने हात जोडून उभे राहावे तो मामलेदार आणि ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही ते मामुली, दोघे एकाच कुळातले! (अंमली पदार्थांतला अंमलही त्यातलाच, पण ते प्रकरण निराळे.)

होळीच्या पोळीचा पहिला मान कोणाचा, बलुतेदाराचा वाटा किती, या गोष्टी गावात मामुलावर ठरत. आजोबांना मिळाले, वडिलांना मिळाले, म्हणून मला मिळावे. रोजचे आहे हीच त्याची प्रतिष्ठा. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या आंग्ल-भारतीय कोशानेही या शब्दाचा अर्थ पायंडा असाच लावला आहे.

मग घसरण का झाली? इंग्रजी अमदानीत लेखी पुराव्याचे महत्त्व वाढले. 1852 च्या कायद्याने तर इनामांच्या हक्कांची तपासणीच सुरू केली. वहिवाटीचे वजन असे उतरत गेले, असा आमचा तर्क आहे. मात्र साऱ्या घसरणीचे खापर एका कायद्यावर फोडणे घाईचे ठरेल. 'नेहमीचे' ते 'त्यात काय विशेष' ही वाट कोणत्याही भाषेत फार लांबची नसते. 'साधारण' म्हणजे सर्वांच्या सामाईक मालकीचे. त्याचे तरी आज काय झाले आहे?

तेलुगू-तमिळ मुलखात 'मामूल' वेगळ्याच मार्गाने गेला. तेथे तो ठरलेल्या लाचेचे नाव झाला. आपल्याकडे ती जागा 'हप्त्या'ने घेतली. लाच का होईना, पण तीत मामुलाचा जुना अर्थ शाबूत आहे : नेमाने द्यायचे ते.

जुना कागद वर्गात लावताना 'मामूल'च्या जागी 'वहिवाटीचा हक्क' ठेवून वाक्य पुन्हा मोठ्याने वाचावे. पुष्कळदा अर्जाचा सूरच बदलतो. याचना वाटत होती ती तक्रार निघते.