धुरातील शक्ती : टर्बोचार्जरचा इतिहास आणि आपली पिकअप गाडी



आपले वडनेर नागपूर–हैदराबाद महामार्गावर वसलेले आहे. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत असत. आज त्याचा क्रमांक ४४ आहे. एके काळी या भागातील कापूस बैलबंड्यांतून हिंगणघाटच्या बाजारपेठेत जात असे. आता तेच काम मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्या करतात. कापूस, सोयाबीन, तूर, भाजीपाला, घरबांधणीचे साहित्य, सर्व काही याच गाड्या वाहतात. कोणी गाडीचा मालक, कोणी चालक, कोणी मिस्त्री, अशा रीतीने आपल्यापैकी कित्येक घरांची चूल या चाकांवर अवलंबून आहे. बहुतेक गाड्या कर्जाऊ घेतलेल्या असतात. गाडी उभी राहिली की हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला की त्याची झळ मुलांच्या वह्यापुस्तकांपर्यंत पोचते.

अशा गाडीच्या मालकाला हल्ली एक सल्ला वारंवार मिळतो : "टर्बो मोठा बसवून घ्या, गाडी जास्त माल ओढेल." हा सल्ला मानावा की मानू नये? या प्रश्नाचे उत्तर गॅरेजमध्ये शोधण्यापूर्वी इतिहासात शोधावे, असे मला वाटते. कारण टर्बोचार्जर हे यंत्र शंभराहून अधिक वर्षांचे आहे, आणि ज्या अडचणी आज आपल्या पिकअपसमोर आहेत, त्या त्याच्या जन्मापासून त्याच्यासमोर होत्या.

प्रथम डिझेल इंजिनाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. त्या काळी कारखाने आणि आगगाड्या वाफेवर चालत. परंतु जाळलेल्या कोळशातील उष्णतेचा फार थोडा भाग प्रत्यक्ष कामी येई. हवा अतिशय दाबली म्हणजे ती इतकी तापते की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते, या तत्त्वावर डिझेल यांनी आपले इंजिन योजले. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. ते इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे होते आणि इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भागाचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या मानाने ही मोठी मजल होती.

परंतु या इंजिनाला एक मर्यादा होती. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. सिलिंडरचा आकार ठरलेला, म्हणून त्यात मावणारी हवाही ठरलेली. हवा वाढवल्याशिवाय नुसते डिझेल वाढवले तर ते अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. चुलीत लाकडे कोंबली आणि फुंकणीने फुंकले नाही, तर घरभर धूर होतो व भाकरी कच्चीच राहते, तसाच हा प्रकार. मग या इंजिनाला फुंकणी कोणती द्यायची?

याचे उत्तर आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने दिले. ढोबळमानाने पाहिले तर इंधनातील उष्णतेचा तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. या गरम, वेगवान धुराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, अशी त्यांची कल्पना होती. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढचा भाग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. कल्पना बरोबर असूनही यश मिळण्यास जवळजवळ २० वर्षे लागली. धुराच्या उष्णतेत टिकेल असा धातू हवा होता. भयंकर वेगाने फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारे बेअरिंग हवे होते. हवा दाबणारे चक्रही इतके कार्यक्षम हवे होते की ते फिरवण्यात सगळी मिळकत खर्च होऊ नये. १९१५ च्या सुमारास केलेला नमुना समाधानकारक ठरला नाही. अखेर १९२५ मध्ये ब्यूखी यांच्या रचनेने इंजिनाची शक्ती ४० टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवली. त्याच सुमारास जर्मनीच्या 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन प्रवासी जहाजांच्या इंजिनांवर टर्बोचार्जर बसवण्यात आले आणि त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. २६ व्या वर्षी सुचलेली गोष्ट सिद्ध व्हायला ४६ वे वर्ष उजाडले.

दरम्यान विमानांनाही या यंत्राची गरज भासू लागली होती, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर एक विमानाचे इंजिन नेऊन चाचणी घेतली. सखल प्रदेशात सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत उतरले होते; टर्बो जोडताच ते पुन्हा ३५० च्या वर गेले. रस्त्यावरच्या मालमोटारीला टर्बो मिळाला तो १९३८ मध्ये, स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीच्या इंजिनावर.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. सातारा येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस देशी डिझेल इंजिन तयार झाले. हेच कूपर १९३७ मध्ये काही काळ मुंबई प्रांताचे पंतप्रधान (प्रीमियर) होते. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि शेतातल्या मोटेच्या जागी डिझेल पंपाचा आवाज येऊ लागला. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी निघाली आणि अवजड कामाची इंजिने येथे बनू लागली. १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे 'एआरएआय' ही वाहनांची तपासणी करणारी संस्थाही पुण्यातच उभी राहिली. टर्बोचार्जरच बनवणारा 'टर्बो एनर्जी' हा उद्योग १९८२ मध्ये तामिळनाडूत सुरू झाला.

तथापि आपल्या जिल्ह्यात टर्बो आला तो रस्त्याने नव्हे, रुळावरून. १९६२ पासून भारतीय रेल्वेत 'डब्ल्यूडीएम–२' जातीची डिझेल इंजिने आली. १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. १६ सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे हे इंजिन टर्बोचार्जरचे होते. दिल्ली–मद्रास मार्गावरील गाड्या घेऊन ही इंजिने वर्धा, हिंगणघाट, बल्लारशा अशी धावत. ज्या वडीलधाऱ्यांनी ती पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, की स्टेशनातून गाडी हलताना इंजिनाच्या डोक्यावर काळ्या धुराचा लोट उठे आणि गाडीने वेग घेतला की तो निवळत जाई. त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात येईल. चालकाने दांडा पुढे सरकवताच डिझेल तत्काळ वाढे, पण टर्बोचे चक्र गती घेऊन हवा वाढवायला काही क्षण लागत. तेवढ्या क्षणांपुरते इंधन जास्त आणि हवा कमी. 'डिझेल आधी, हवा मागून' याचा परिणाम काय होतो, हा धडा त्या धुराने स्टेशनावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला शिकवला होता.

लहान मालवाहू गाड्यांचा काळ त्यानंतरचा. टेल्कोच्या पुणे कारखान्यातून १९८६ मध्ये 'टाटा ४०७' आणि १९८८ मध्ये 'टाटा मोबाइल' ही पिकअप बाहेर पडली. मुंबईत १९४७ पासून जीप जोडणाऱ्या महिंद्र कंपनीच्या पिकअप गाड्याही खेडोपाडी पोचल्या. सुरुवातीच्या अशा गाड्या बहुधा टर्बोविनाच असत. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले : २००० मध्ये पहिला भारत टप्पा, १ एप्रिल २०१७ पासून देशभर चौथा, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर सहावा. कमी धुरात जास्त काम करून घ्यायचे तर हवा भरपूर हवी. त्यामुळे टर्बो हा डिझेल पिकअपचा नेहमीचा भाग बनला.

येथे लक्षात घ्या, की कारखान्याने टर्बो दिला तेव्हा एकटा टर्बो दिला नाही. दाब सोसणारे पिस्टन व हेड गॅसकेट, जादा उष्णता वाहून नेणारा रेडिएटर, दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, आणि नव्या गाड्यांत तर डिझेलचा थेंब न् थेंब मोजणारा संगणक, असा सगळा संसार त्याच्याबरोबर आला. टर्बो मोठा करताना हाच संसार आपण विसरतो.

थोडा हिशेब करून पाहू. हवा तापली की विरळ होते. १५ अंश तापमानाच्या तुलनेत ४५ अंशाला तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात ४५ अंश ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तीच हवा टर्बोने दुप्पट दाबली तर तिचे तापमान शंभर अंशांहून बरेच वर जाते. इंटरकूलर तोकडा असेल तर ही गरम हवा सिलिंडरात शिरते आणि पिस्टनची परीक्षा पाहते. शिवाय लहान टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. एका टोकाला सहाशे–सातशे अंशांचा धूर आणि मध्ये दांड्याला आधार काय, तर इंजिन ऑइलचा एक पातळ थर. ते ऑइल जुने झाले, कमी पडले, किंवा भर लोडात आलेली गाडी एकदम बंद केल्यामुळे जागच्या जागी करपले, तर मोठा टर्बो काय आणि छोटा काय, दोन्ही सारखेच निकामी होतात.

मोठ्या चक्राचा आणखी एक तोटा आहे. ते फिरवायला धूरही जास्त लागतो, म्हणून कमी वेगात ते उशिरा जागे होते. शेतातल्या चिखलातून माल भरून निघणाऱ्या पिकअपला जोर हवा असतो तो नेमका कमी वेगात! शर्यतीच्या गाडीला जे मानवते ते बाजाराच्या गाडीला मानवेलच असे नाही.

शर्यतीचीच एक गोष्ट सांगतो. १९५२ साली अमेरिकेतील प्रसिद्ध इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बोचार्जर लावलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियन या चालकाने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग गाठून सर्वांत पुढची जागा पटकावली. सारे जग थक्क झाले. परंतु प्रत्यक्ष शर्यतीत २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर ही गाडी बाहेर पडली. कारण काय? टर्बोकडे हवा नेणारे तोंड रस्त्यावरच्या टायरच्या रबराच्या कचऱ्याने चोंदले होते. एवढे बलाढ्य इंजिन हरले ते कचऱ्यापुढे. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात उडणारा कापसाचा तंतू आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांचे प्रमाण पाहिले, म्हणजे एअर फिल्टरचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. शिवाय अशा बदलावरून वॉरंटी आणि विमा यांबाबत वाद उद्भवू शकतो. जोर वाढला म्हणून गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही. ब्रेक, टायर आणि पाटे पूर्वीचेच राहतात. महामार्गावर त्या ब्रेकच्या भरवशावर आपलाच मुलगा बसलेला असतो.

मग गाडीची ओढ कमी वाटली तर काय करावे? इतिहासाने दाखवलेल्या क्रमाने जावे. प्रथम हवेचा मार्ग पाहावा : एअर फिल्टर चोंदला आहे काय, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी नळ्यांना चीर गेली आहे काय. मग कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल वेळेवर बदलले जाते काय ते पाहावे. मग नोझल आणि डिझेल फिल्टर तपासावे. मोठ्या लोडानंतर इंजिन मिनिटभर रिकामे चालू देऊन मगच बंद करावे. टर्बो खरोखरच निकामी झाला असेल तर त्याच मापाचा अस्सल टर्बो बसवावा, आणि आधीचा का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. एवढे करूनही माल जास्तच असेल तर दोन खेपा कराव्यात, किंवा पुढे मोठी गाडी घ्यावी. हा मार्ग संथ वाटेल, पण हप्त्याच्या दृष्टीने तोच स्वस्त पडतो.

पालकांनो, अखेरचे दोन शब्द आपल्यासाठी. गॅरेजात काम करणाऱ्या मुलाला आपण 'शिकला नाही म्हणून मिस्त्री झाला' असे म्हणतो. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत हवेचा दाब आहे, उष्णता आहे, धातूचे प्रसरण आहे, टक्केवारी आहे. हे सारे आपल्या शाळेच्या विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांत आहे. जो मुलगा दहावीचे विज्ञान समजून घेऊन आयटीआयमध्ये किंवा पॉलिटेक्निकमध्ये जाईल, तो नुसता टर्बो बदलणारा राहणार नाही. टर्बो का गेला हे सांगणारा होईल. महामार्गावरच्या गावाला अशा माणसांची गरज आहे. तेव्हा मुलाला गाडीची आवड असेल तर ती मोडू नका. त्याच्या एका हातात पाना असू द्या, पण दुसऱ्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका.