घटनासमितींतील एक धर्मगुरु

निवडणूक जवळ आली म्हणजे ‘फादर कोणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न देवळाच्या अंगणांत हळूच विचारला जातो. अशा वेळीं आम्हांस फादर जेरोम डिसोझा यांचें स्मरण होतें. १८९७ सालीं मंगळुरास जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, व १९४६ सालीं मद्रास प्रांतांतून घटनासमितीवर निवडून गेले.

१९३५ च्या कायद्यानें हिंदी ख्रिस्ती लोकांस विभक्त मतदारसंघ दिले होते. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकीं ३ आपल्या, मद्रासच्या २१५ पैकीं ८. तेथें उभे राहणाऱ्यास परधर्मी शेजाऱ्याच्या दारीं मत मागावयास जावेंच लागत नसे! १९४७ सालीं घटनासमितीनें ते मतदारसंघ रद्द ठरविले, व १९४९ च्या मे महिन्यांत राखीव जागाहि सोडण्याचा ठराव झाला. झगा घातलेले हे सभासद आपल्या लोकांसाठीं जागा अडवून बसले नाहींत. त्यांनीं ठरावास पाठिंबा दिला. त्यांना हवें होतें तें निराळें: धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य. तें घटनेच्या २५ व्या कलमांत आलें. जागा गेल्या म्हणजे आवाज गेला, असें म्हणणारे आमच्यांत आजहि आहेत. त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

१९८३ च्या धर्मसंहितेनें राज्यसत्तेचें पद धर्मगुरूंस वर्ज्य केलें आहे. फादर जेरोम यांनीं मात्र १९५१ सालींच पुण्यास समाजकार्यासाठीं एक संस्था काढली. पुढें ती दिल्लीस गेली.