जांभूळ, पोस्टमास्तर आणि आमचं परभणी

जूनमध्ये दोन दिवस परभणीला घरी गेलो होतो. वसमत रोडला एक म्हातारी पाटीत जांभळं घेऊन बसली होती. 'कुठली हो मावशी?' विचारलं तर म्हणाली, 'नदीकडची हाय बाबा, गोड हाय, घे.' घेतली. जीभ जांभळी करून घरी आलो आणि आईच्या 'अजून लहानच आहेस का' वर हसलो. रात्री लोडशेडिंग नव्हतं, नेट बरं चालत होतं, म्हणून सहज शोधायला बसलो की या झाडाची नोंद आपल्याकडे पहिल्यांदा कुणी केली. शनिवारची रात्र त्यातच गेली.

आधी थोडी ओळख. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी आणि कोकणातले ते गुलाबी जाम, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. शास्त्रीय नाव मिर्टेसी. खात्री करायची असेल तर पेरूचं किंवा निलगिरीचं पान उन्हाकडे धरून बघा, बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. लवंगेचा वास येतो तोही असल्याच तेलाचा. यातला पेरू अमेरिकेतून आला, निलगिरी ऑस्ट्रेलियातून, लवंग मोलुक्का बेटांवरून. खरं घरचं म्हणावं तर जांभूळच.

आता नोंदी. गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या नोंदी बेटांवरच झाल्या. गोवा शहर तिसवाडीत, म्हणजे नद्यांनी वेढलेल्या बेटावर. तिथे गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं! १५६३ साली गोव्यातच त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, तेही दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात. त्यात लवंगेवर प्रकरण आहे, आणि जाम हे फळ मलाक्काहून इकडे नुकतंच आलंय अशी नोंदही. लवंगेचं झाड मोलुक्कात जाऊन बघायचा योग काही त्याला आला नाही, तिकडून येणाऱ्यांना विचारून लिहिलं. १५६८ साली तो गेला. बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मसभेच्या हुकमाने त्याची हाडं उकरून जाळली, का तर तो छुपा ज्यू होता म्हणे. पुस्तक मात्र तोवर लॅटिनमधून युरोपभर पोचलं होतं.

पण मला जास्त आवडला तो दुसरा माणूस. जॉन ग्रॅहम, जन्म १८०५, स्कॉटिश, मुंबईच्या टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. म्हणजे दिवसभर थैल्या आणि टपालाचे हिशोब, आणि उरलेल्या वेळात झाडं. (ओळखीचं वाटतंय ना? आपण दिवसभर बग सोडवतो आणि शनिवारी ब्लॉग लिहितो.) शेती-बागायती सोसायटीच्या शिवडीच्या बागेची देखरेखही त्याच्याकडे होती. तिथे आता ख्रिस्ती दफनभूमी आहे.

त्या काळी माहीमचा कॉजवे नव्हता, तो १८४५ चा. वांद्र्याला जायचं तर होडी. घाटावर जायचं तर बोरघाटातला नवा रस्ता, १८३० मध्ये खुला झालेला. रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. अशा काळात या गड्याने मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी जमवली. शास्त्रीय नाव, मिळालं तिथे लोकांचं नाव, कुठे सापडतं ते, कधी एखादी टिप्पणी. चित्रं नाहीत, लांबलचक वर्णनं नाहीत. एकदम कॅटलॉग. पुस्तक १८३९ साली मुंबईत छापलं गेलं, पण छपाई चालू असतानाच, मे महिन्यात, तो खंडाळ्याला वारला. पस्तिशीही गाठली नाही. उरलेलं काम जोसेफ निम्मो या त्याच्या मित्राने पुरं केलं. आमच्यात कुणी नोकरी सोडून गेलं की त्याचा कोड पुढे न्यायला माणूस मिळत नाही, म्हणून मला हा निम्मोच मोठा वाटतो.

जांभळाचं नाव मात्र या सगळ्यांनी वेगवेगळं लिहिलंय. लिनियसने १७५३ साली मिर्टस क्युमिनी म्हटलं, लामार्कने १७८९ मध्ये युजेनिया जांबोलाना, आणि १९१२ पासून सिझिजियम क्युमिनी. जुन्या यादीत शोधताना ही तिन्ही नावं माहीत नसली तर हातात काही लागत नाही. मी एक तास त्यातच घालवला.

तर सांगायचा मुद्दा असा, की यात परभणी कुठे? कुठेच नाही! ग्रॅहमची यादी मुंबईभोवतीची. पुढे थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याचा भलामोठा ग्रंथ काढला, पण इलाखा म्हणजे इंग्रजांचा. आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९४८ पर्यंत. मुंबई राज्यात आलो ते १९५६ साली. नकाशावरच्या एका रेघेमुळे गोदावरी-पूर्णेकाठची झाडं त्या ग्रंथाबाहेर राहिली. कृषी विद्यापीठ झालं १९७२ मध्ये, आणि संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा व्ही. एन. नाईक यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला थेट १९९८ साली. ग्रॅहमनंतर १५९ वर्षांनी.

मला राग येतो तो याचा. आमच्या मामाच्या गावी विहिरीवर जांभळाचं झाड होतं, आजीच्या आठवणीतही ते म्हातारंच होतं. रस्ता रुंदीकरणात गेलं. किती जुनं, फळ कसं, कुणी लावलं, कुठेही एक ओळ नाही. मामाला फोन केला तर म्हणाला, 'लई आंबट होतं रे. पण पोरं सोडायची नाहीत.'

रविवारी परत त्या मावशीकडे गेलो. झाड नेमकं कुठे, कुणाच्या शेतात, फळं कधी लागतात, सगळं वहीत लिहून घेतलं. आधी ती जरा घाबरली, मी तहसीलचा माणूस वाटलो बहुतेक. मग म्हणाली, 'लिव की. पर पावशेर तरी घे.'

अर्धा किलो घेतली.